दोन खोल्या, मधली भिंत आणि वायरलेस

मागच्या शनिवारी भाचा घरी आला, लॅपटॉप घेऊन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, लिनक्स टाकायचंय, तू फक्त शेजारी बस ना," म्हणाला. बसलो. पण जुनी धास्ती काही जात नाही. त्यामुळे कपाटातून एक लांबलचक निळी लॅन केबल काढून ठेवली, दोन पेनड्राइव्ह ठेवले, आणि बायकोला सांगून ठेवलं की आज जेवायला उशीर होईल. पठ्ठ्याने अर्ध्या तासात सगळं उरकलं. वायफायचा पासवर्ड विचारला, टाकला आणि गाणं लावलं. मग टेबलावर बघून म्हणतो, "मामा, ही केबल कशाला?"

आता याला काय सांगणार!

२००६ साली मी कोथरूडला तीन मित्रांबरोबर राहायचो. पहिली नोकरी, हप्त्यावर घेतलेला पहिला लॅपटॉप. उबुंटूची सीडी तेव्हा मागितली की पोस्टाने घरी यायची, तीही फुकट (ही योजना २०११ मध्ये बंद झाली). एका शुक्रवारी रात्री सीडी घातली. स्क्रीन आली, आवाज आला, टचपॅडसुद्धा चाललं. वायरलेस मात्र नाही. लॅपटॉप कुणाचा, चिप कुणाची, ते जाऊ द्या. शनिवार गेला, रविवार गेला. हॉलमधल्या मोडेमपासून माझ्या खोलीपर्यंत हीच निळी केबल, आणि तिच्यात पाय अडकून चहासकट आडवा झालेला एक रूममेट. सोमवारी ऑफिसात मी तारवटलेल्या डोळ्यांनी आणि विनावायरलेस हजर.

त्या वेळी वाटायचं की लिनक्स लिहिणाऱ्यांना हे जमत नाहीये. खरं काय होतं ते खूप नंतर वाचनात आलं, आणि ती गोष्ट मला अजून भारी वाटते. या सगळ्या प्रकारात जिचं नाव सर्वात जास्त गाजलं त्या कंपनीच्या, म्हणजे ब्रॉडकॉमच्या चिपची ती गोष्ट. (माझी चिप कुणाची होती हे गुपितच राहणार आहे, आग्रह नको. :) )

आधी थोडं ड्रायव्हर म्हणजे काय त्याबद्दल. हार्डवेअरच्या चिपमध्ये रजिस्टर नावाचे छोटे छोटे कप्पे असतात. अमुक कप्प्यात तमुक आकडा लिहिला की चिप जागी होते, दुसऱ्या कप्प्यात तिसराच आकडा लिहिला की चॅनेल बदलतो, वगैरे. कुठल्या कप्प्यात काय लिहायचं हे चिप बनवणाऱ्याला माहीत असतं आणि त्याच्या कागदपत्रांत ते असतं. कागदपत्रं मिळाली तर ड्रायव्हर लिहिणं हे चिकाटीचं काम आहे. नाही मिळाली तर ते अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत बटण शोधण्यासारखं आहे, आणि बटणं काही हजार.

नव्वदच्या दशकात साध्या नेटवर्क कार्डांचं बरं होतं. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये स्वस्त पीसी एकमेकांना जोडून बिओवुल्फ नावाचा क्लस्टर बांधला गेला. त्यातल्या डोनाल्ड बेकरने लिनक्ससाठी इथरनेट ड्रायव्हरांचा सपाटाच लावला होता. वायरलेसमध्ये मात्र गाडं अडलं, कारण तिथे चिपमध्ये रेडिओ आला. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती ताकदीने बोलायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्याचे नियम देशोदेशी वेगळे. कंपन्यांचं म्हणणं असं की, आम्ही कागदपत्रं उघडी केली आणि कुणी नियमाबाहेरची ताकद लावली, तर सरकार आम्हाला धरणार. यात तथ्य नव्हतं असं नाही. पण माझ्या मते निम्मं कारण हे, आणि उरलेलं निम्मं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपलं काही कळू नये ही नेहमीची भीती. इंटेलने तर २००६ च्या सुमाराच्या एका चिपसाठी ड्रायव्हर खुला दिला, पण सोबत एक छोटा बंद प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागे, फक्त हे रेडिओचे नियम पाळायला. पुढे तोही गेला. असो.

तर ब्रॉडकॉम. २००३ च्या जानेवारीत अ‍ॅपलने एअरपोर्ट एक्स्ट्रीम आणलं, त्यात ब्रॉडकॉमची चिप होती. सेकंदाला ५४ मेगाबिट ही तेव्हा थक्क करणारी गोष्ट. थोड्याच काळात बऱ्याच लॅपटॉपांत आणि घरगुती राउटरांत याच घराण्याच्या चिपा दिसायला लागल्या. लिनक्ससाठी ड्रायव्हर नाही आणि कागदपत्रंही नाहीत.

पहिला उपाय निघाला तो जुगाडाच्या वरताण. एनडीआयएसरॅपर. विंडोजचा वायरलेस ड्रायव्हर विंडोजच्या काही ठराविक फंक्शनांना हाका मारतो. मग लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याच नावांची खोटी फंक्शनं उभी करायची, आणि विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा आणून आत बसवायचा. बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण विंडोजमध्येच आहोत! हे चालायचं, बऱ्याचदा चांगलंही चालायचं. पण बिघडलं तर आत काय बिघडलं हे कुणालाच दिसणार नाही. असा बंद कोड शिरला की लिनक्सचा कर्नल स्वतःवर तशी खूणही करून ठेवतो; मराठीत सांगायचं तर कर्नल बाटतो. आणि मग कर्नलवाले तुमची तक्रार ऐकून घेत नाहीत.

आणखी एक गोची होती. विंडोजचा ड्रायव्हर म्हणजे इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरची आज्ञावली. अ‍ॅपलचे तेव्हाचे पॉवरबुक आणि आयबुक चालायचे पॉवरपीसी प्रोसेसरवर. त्यांच्यावर लिनक्स टाकणाऱ्यांना हा जुगाडसुद्धा बंद. म्हणजे चिप तीच, पण उसनवारीचा रस्ताही नाही. गंमत म्हणजे अशी दारं बंद झालेली माणसंच मग मुळाशी जातात.

इथे गोष्टीत राउटर येतो. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर २००२ च्या डिसेंबरात बाजारात आला आणि तुफान खपला. २००३ मध्ये, म्हणजे सिस्कोने लिंकसिस विकत घेतली त्याच वर्षी, काही लोकांनी त्याचं फर्मवेअर उघडून पाहिलं. आत लिनक्स! लिनक्सचा परवाना जीपीएल, त्यामुळे राउटर विकणाऱ्याने सोर्स कोड देणं भाग होतं. लोकांनी तगादा लावला आणि त्याच वर्षी कोड बाहेर आला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. वायरलेसच्या भागाचा सोर्स मात्र त्यात नव्हता. तो नुसता बायनरी स्वरूपात होता.

पण तो बायनरी होता लिनक्ससाठी बनवलेला, आणि मिप्स प्रोसेसरचा. हे दोन्ही महत्त्वाचं. मिप्समध्ये प्रत्येक आज्ञा मोजून चार बाइटची असते, त्यामुळे एक आज्ञा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते यात घोळ होत नाही. आणि लिनक्सचा मोड्यूल म्हटल्यावर तो कर्नलच्या फंक्शनांना त्यांच्या नावाने हाक मारणारच. म्हणजे अंधाऱ्या खोलीत निदान काही पाट्या तरी लागलेल्या आहेत.

आता प्रश्न असा की हा बायनरी उलगडून त्यावरून ड्रायव्हर लिहिला, तर ती नक्कल नाही का? कॉपीराइट कोडच्या मांडणीला असतो. 'या चिपच्या अमुक कप्प्यात तमुक आकडा लिहिला की रेडिओ सुरू होतो' या वस्तुस्थितीला नसतो. पण जो माणूस दुसऱ्याचा कोड रात्रंदिवस वाचतो, त्याच्या हातून नकळत तशीच मांडणी उतरते. (परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर एकदा पाहिल्यावर स्वतःचं उत्तर 'स्वतःचं' राहत नाही, तसं.) युरोपात १९९१ च्या निर्देशाने, आणि आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातल्या पोटकलमांनी, दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलावं एवढ्यापुरतं आत डोकावायला जागा ठेवली आहे. पण जागा आहे म्हणजे कोर्टात कुणी खेचणार नाही असं नाही.

यावरचा उपाय जुनाच होता. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला आणि त्याच्या बायॉसचा पूर्ण कोड माहितीपुस्तकात चक्क छापला. छापला म्हणजे मोकळा केला असं नव्हे. कुणी उतरवला की खटला. कॉम्पॅकने तेव्हा काम दोन गटांत वाटलं. एक गट आयबीएमचा कोड वाचणार आणि बायॉस काय काय करतो याचं फक्त वर्णन लिहिणार. दुसऱ्या गटाने आयबीएमचा कोड आयुष्यात पाहिलेला नसणार, आणि तो नुसत्या वर्णनावरून नवा कोड लिहिणार. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने आपला पीसी जाहीर केला. आज आपण ज्याला नुसतं 'पीसी' म्हणतो त्या सगळ्या जमातीचा जन्म असा भिंतीआडून झालेला आहे. या पद्धतीला क्लीन रूम म्हणतात.

ब्रॉडकॉमसाठी नेमकं हेच केलं गेलं. फक्त कॉम्पॅककडे वकील होते, पगारी माणसं होती. इथे होते शिकणारे किंवा नोकरी सांभाळून करणारे चार-सहा जण, बरेचसे जर्मनीतले. भिंतीच्या एका बाजूला योहानेस बेर्ग आणि जोसेफ जेझॅक. ते लिंकसिसचा बायनरी उलगडून वाचायचे आणि चिपचं वर्णन साध्या इंग्रजीत लिहायचे. दुसऱ्या बाजूला मिखाएल ब्यूश आणि मंडळी. ते फक्त ते वर्णन वाचायचे आणि सीमध्ये ड्रायव्हर लिहायचे.

ते वर्णन म्हणजे काही कादंबरी नव्हे. या कप्प्यात हा आकडा लिहा, इतके मायक्रोसेकंद थांबा, मग तो कप्पा वाचा, चौथा बिट एक असेल तर पुढच्या पायरीला जा, नसेल तर मागे या. असं पानोपानी. बहुतेक ठिकाणी 'का' याचं उत्तर नाही, कारण वाचणाऱ्यालाही ते माहीत नाही. रेडिओचं कॅलिब्रेशन तर निव्वळ आकड्यांची जंत्री. आपण ऑफिसात दुसऱ्याने लिहिलेल्या, कॉमेंट नसलेल्या शंभर ओळी बघून कपाळाला हात लावतो. इथे तर मूळ ओळीही नाहीत, नुसतं मशीन कोडचं पीठ, आणि त्यावरून गहू कुठल्या शेतातला ते सांगायचं.

मला या भिंतीतली एक गोष्ट फार लागते. ज्या माणसांना ती चिप सगळ्यात जास्त कळली होती, त्यांनी त्याच ड्रायव्हरची एक ओळही लिहायची नाही! समजा पलीकडच्याने काही चुकीचं लिहिलंय आणि तुम्हाला ते ढळढळीत दिसतंय. तरी तुम्ही जाऊन कोड दुरुस्त करायचा नाही. वर्णनातलं वाक्य दुरुस्त करायचं, आणि पलीकडच्याला कळेपर्यंत थांबायचं. आम्ही आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला अर्धा दिवस लागला तर आदळआपट करतो.

डिसेंबर २००५ मध्ये 'बीसीएम४३एक्सएक्स' हा ड्रायव्हर जाहीर झाला. जून २००६ मध्ये तो कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाला. सुरुवातीला कुरबुरी भरपूर होत्या, गती कमी मिळायची. पण पॉवरबुकवालेही आता केबलशिवाय बसू शकत होते.

सगळं गोड झालं असं वाटत असेल तर थांबा. चिपच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर आहे, आणि त्याला चालायला स्वतःचा प्रोग्राम लागतो. तेच फर्मवेअर. ते चिपमध्ये कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी ड्रायव्हरने ते बाहेरून आणून भरायचं. हा प्रोग्राम ब्रॉडकॉमच्या मालकीचा, आणि तो वाटायची परवानगी लिनक्सवाल्यांना नाही. म्हणजे ड्रायव्हर शंभर टक्के खुला, पण त्याच्या हातात द्यायचा घास सीडीवर ठेवता येत नाही.

मग निघाला 'एफडब्ल्यूकटर'. नावाप्रमाणेच कात्री. तुम्ही विंडोजच्या किंवा मॅकच्या ड्रायव्हरची फाइल कुठून तरी आणायची. कात्री तिचा चेकसम बघून ती नेमकी कुठली आवृत्ती आहे ते ओळखते, आणि ठरलेल्या जागी कापून आतलं फर्मवेअर बाहेर काढते. वाटप कुणीच केलं नाही. ज्याने त्याने आपल्या घरी आपल्या हाताने कापलं. कायद्याची ही कसरत मला आवडते, पण त्यातला विनोद असा की ती फाइल आणायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट चालू करायलाच तर ती फाइल हवी आहे. विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी. अशा मशीनवर लिनक्स टाकणाऱ्यांच्या घरात लॅन केबल असायची ती याचसाठी.

पुढचं प्रकरण २००७ च्या एप्रिलमधलं, आणि ते जरा कडवट आहे. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमसाठी मार्कस ग्लोकर याच चिपचा ड्रायव्हर लिहीत होता. त्याच्या अर्धवट कोडमध्ये ब्यूशच्या टीमला आपलेच तुकडे दिसले. लिनक्सचा परवाना जीपीएल, ओपनबीएसडीचा बीएसडी. एकातला कोड उचलून दुसऱ्याच्या परवान्याखाली ठेवता येत नाही. ब्यूशने पत्र लिहिलं आणि ते सगळ्यांना दिसेल असं पाठवलं. ओपनबीएसडीचा प्रमुख थिओ द राट भडकला. त्याचा मुद्दा असा की आधी एकट्याला सांगायचं होतं, भर चौकात कशाला? ग्लोकरने आपला ड्रायव्हर काढून टाकला.

कोण बरोबर? कोड उचलला होता, यात वाद नाही, आणि सार्वजनिक भांडारात ठेवल्यावर 'नंतर बदलणार होतो' याला अर्थ उरत नाही. पण ब्यूशने एक खाजगी पत्र आधी पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं? आपल्याकडेही एखाद्या ज्युनिअरची चूक अख्ख्या टीमला सीसी करून दाखवणारे असतात. ते बरोबरच असतात, आणि तरीही कुणी त्यांच्याबरोबर चहाला जात नाही. अर्थात ज्यांनी भिंत पाळायला एवढे महिने घातले, त्यांना भिंतीवरून उडी मारलेली दिसल्यावर राग येणार, हेही मला समजतं.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. त्यानंतर ड्रॅगनफ्लाय बीएसडी या तिसऱ्याच सिस्टिमसाठी 'बीडब्ल्यूआय' नावाचा ड्रायव्हर लिहिला गेला, स्वतंत्र, बीएसडी परवान्याचा. आणि तो ओपनबीएसडीत कुणी आणला? याच मार्कस ग्लोकरने. त्याच्या माहितीपानावर नोंद आहे की चिपचं वर्णन ज्यांनी उलगडलं त्यांच्याशिवाय हा ड्रायव्हर शक्य नव्हता. म्हणजे भिंतीच्या अलीकडच्या खोलीत बसून लिहिलेले ते रुक्ष कागद! ब्यूशचा कोड त्यांना वापरता आला नाही. बेर्ग आणि जेझॅकने लिहिलेलं वर्णन मात्र कुणाच्याच परवान्यात अडकत नव्हतं.

लिनक्समध्ये २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ या आवृत्तीत, जुन्या ड्रायव्हरची जागा 'बी४३'ने घेतली, आणि अगदी जुन्या चिपांसाठी 'बी४३लेगसी' वेगळा केला. हा लेगसी सांभाळणारा माणूस म्हणजे लॅरी फिंगर. याच्यावर खरं तर स्वतंत्र लेख हवा. हा मुळात स्फटिकशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला. फिंगराइट नावाचं एक खनिज त्याच्या नावाने आहे. निवृत्तीनंतर, २००५ च्या सुमाराला, तो या ड्रायव्हरच्या कामात आला, आणि मग दीड हजाराच्या आसपास पॅच देऊन गेला, ब्रॉडकॉमसाठी आणि नंतर रिअलटेकच्या चिपांसाठी. क्ष-किरण कसे विखुरले ते बघून आतले अणू कसे रचलेत हे सांगणारा माणूस. त्याला बंद चिपचं वागणं बघून आतलं ओळखायचं काम परकं वाटलं नसावं असा माझा आपला अंदाज. २०२४ च्या जूनमध्ये, ८४ व्या वर्षी तो गेला.

ब्रॉडकॉमने स्वतः २०१० च्या सप्टेंबरमध्ये आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. जुन्या चिपा त्यात नव्हत्या. फर्मवेअर बंदच राहिलं, पण नव्या चिपांचं वाटायची परवानगी मिळाली, आणि खरा फरक त्यानेच पडला. डेबियनवाल्यांनी बरीच वर्षं असलं बंद फर्मवेअर अधिकृत सीडीवर ठेवायचं नाकारलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. भाच्याचं वायफाय अर्ध्या तासात लागलं ते असल्याच तडजोडींमुळे; त्याच्या लॅपटॉपमध्येही फर्मवेअर बंदच आहे. हे मी त्याला सांगितलं. "मग काय झालं मामा, चालतंय ना?" म्हणाला.

त्याच्याशी वाद घातला, तासभर. जेवायला उशीर झालाच.

बी४३च्या जुन्या चिपांचं फर्मवेअर मात्र वाटायची परवानगी आजतागायत नाही. डेबियनमध्ये त्याचं एक पॅकेज आहे, त्यात फर्मवेअर नाही, नुसती स्क्रिप्ट आहे. ती इन्स्टॉल करताना नेटवरून एक जुनी ड्रायव्हर फाइल उतरवते, चेकसम तपासते, कात्री लावते आणि तुकडा जागेवर ठेवते. म्हणजे कुणी तसला जुना लॅपटॉप माझ्याकडे घेऊन आलं, तर आधी तो केबलने जोडावा लागणार. निळी केबल गुंडाळून परत कपाटात ठेवली आहे.